कॅच होता

मैदानावर मी एकदा खोटं बोललो. दोनच शब्द होते, 'कॅच होता'. ते खोटे आहेत हे सिद्ध करायची सोय तिथे कुणाकडेच नव्हती, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच मी ते बोललो.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. कुणाचा जीव गेला नाही, कुणाचे पैसे बुडाले नाहीत. एका तालुक्याच्या गावी झालेल्या जिल्हास्तरीय शालेय सॉफ्टबॉल स्पर्धेत 17 वर्षांखालील मुलींची एक टीम एका रनने हरली, एवढंच. पण नियम, न्याय, अधिकार असे मोठे शब्द कानावर पडले की मला कोर्ट किंवा संसद आठवत नाही. फक्कीने आखलेलं ते मैदान आठवतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. इंजिनिअरिंगला असताना कॉलेजच्या टीमकडून सॉफ्टबॉल खेळायचो. पुढे गुडघा दुखावला, खेळणं सुटलं, पण मैदान सुटेना. म्हणून पंचांची परीक्षा दिली आणि सुट्टीच्या दिवशी स्पर्धांना जाऊ लागलो. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण. चौकोनात चार बेस, एकमेकांपासून 60 फुटांवर. पिचरने चेंडू खांद्याखालून फेकायचा. 7 इनिंग्ज, प्रत्येक इनिंगमध्ये तीन आऊट. शहरातल्या मित्रांना हे समजावून सांगावं लागतं. शाळांच्या स्पर्धांना येणाऱ्या खेड्यातल्या पोरींना सांगावं लागत नाही, उलट त्याच आपल्याला दोन गोष्टी शिकवतात.

आता तो नियम, ज्याच्याभोवती हे सगळं घडलं. तीन स्ट्राइक झाले की बॅटर आऊट, हे बहुतेकांना माहीत असतं. पण तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू जमिनीला लागायच्या आत कॅचरने पकडायला हवा. तो निसटला किंवा टप्पा पडून ग्लव्हमध्ये आला, तर बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकते. मग तिला चेंडूने शिवून किंवा तिच्याआधी चेंडू पहिल्या बेसवर पोचवून आऊट करावं लागतं. याला एक अपवाद आहे. पहिल्या बेसवर आधीच रनर उभी असेल, तर चेंडू निसटला तरी बॅटर आऊट. आणि या अपवादालाही अपवाद आहे. दोन आऊट झालेले असतील, तर पहिला बेस भरलेला असो की रिकामा, बॅटर पळू शकते.

इतकी गुंतागुंत कशासाठी? कॅचरच्या लबाडीसाठी. पहिल्या बेसवर रनर असताना कॅचरने मुद्दाम चेंडू पाडला, तर बॅटरही पळणार आणि तिला जागा करून द्यायला रनरलाही पळावं लागणार. कॅचर आरामात दोघींनाही आऊट करू शकते. म्हणजे चूक करणाऱ्यालाच बक्षीस. ते होऊ नये म्हणून पहिला अपवाद. दोन आऊट झाल्यावर एकच आऊट उरतो, लबाडीत काही मिळत नाही, म्हणून अपवाद उठतो. स्वतःच्या चुकीचा कुणी फायदा उठवू नये, असा साधा विचार त्या किचकट वाक्यांमागे आहे. हे मी पंचांच्या परीक्षेत व्यवस्थित लिहिलं होतं.

सातवी इनिंग. बॅटिंग करणारी टीम एका रनने मागे. पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर रनर. दोन आऊट, दोन स्ट्राइक. पिचरने टाकलेला चेंडू प्लेटजवळ झपकन खाली बसला. बॅटरने बॅट फिरवली, चेंडू चुकला, कॅचरच्या ग्लव्हच्या जरासा पुढे जमिनीला लागला आणि तसाच उसळून ग्लव्हमध्ये जाऊन बसला. मी तिच्या मागेच वाकून उभा होतो. चेंडू लागला तिथे उडालेली धूळ मला दिसली. तरी मी मूठ उंचावून ओरडलो, 'बॅटर आऊट!' कारण त्या क्षणी डोक्यात एवढंच होतं, की पहिला बेस भरलेला आहे.

कॅचरने आनंदाने ग्लव्ह हवेत उडवला. तिकडे बॅटर मात्र तिच्या सरांच्या 'पळ, पळ!' या हाकेसरशी पहिल्या बेसवर पोचलीसुद्धा, आणि तिसऱ्या बेसवरची पोरगी होम प्लेट ओलांडून आली. दोन्ही टीम नाचत होत्या.

त्या टीमचे कोच माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, एका गावातल्या शाळेत पीटीचे शिक्षक. आरडाओरडा न करता माझ्यापर्यंत चालत आले.

"सर, चेंडू टप्पा पडून आला."

"फर्स्ट बेसवर रनर आहे, सर. बॅटर आऊटच."

"पण दोन आऊट आहेत ना, सर."

त्या वाक्यानंतरचा एक सेकंद मला नीट आठवतो. आपण चुकलो आहोत हे समजायला त्यातला अर्धाच लागला. उरलेल्या अर्ध्यात मी माझी सुटका शोधली.

"कॅच होता," मी म्हणालो.

"आत्ता तर तुम्ही फर्स्ट बेसचं म्हणालात."

"कॅच होता, सर. माझं जजमेंट आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे, सर," आणि पोरींकडे परत गेले.

या सुटकेची जागा समजायला हवी. पंचाचे निर्णय दोन प्रकारचे असतात. एक, डोळ्यांचे. चेंडू स्ट्राइक होता का, रनर आधी पोचली की चेंडू, कॅच झाला की टप्पा पडला. यावर लेखी हरकत घेता येत नाही. पंचाने पाहिलं ते पाहिलं. दुसरे, नियमाचे. जे घडलं त्याला कुठला नियम लागतो? इथे पंच चुकला तर कोच हरकत घेऊ शकतो, स्पर्धेच्या समितीपुढे जाऊ शकतो आणि जिंकूही शकतो. माझी चूक नियमाची होती. ती दुरुस्त होऊ शकत होती. मी ती उचलून डोळ्यांच्या खात्यात टाकली, जिथे कुणाचा हात पोचत नाही. ऑफिसात कुणी बग दाखवला की 'तो बग नाही, ते तसंच डिझाइन केलंय' म्हणून तिकीट बंद करणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्याविषयी मी काय बोलतो, तेही मला माहीत आहे.

बेसवरचे पंच माझे सीनियर होते. चहाला गेल्यावर त्यांनी विचारलं, "कॅच होता ना रे?" मी "हो" म्हणालो. दुसऱ्यांदा बोलायला तर फारच सोपं गेलं.

पुढचे काही महिने मी मनात वकिली करत होतो. माझ्याकडे तीन मुद्दे होते.

पहिला मुद्दा असा, की पंचाने सगळं खरं बोलावं अशी खेळाचीच अपेक्षा नसते. सॉफ्टबॉलमध्ये एखादी रनर पळताना बेसला पाय न लावता पुढे गेली आणि पंचाने ते बघितलं, तरी त्याने गप्प राहायचं असतं. फील्डिंगच्या टीमने ते हेरून पुढचा चेंडू टाकायच्या आत अपील केलं, तरच तो आऊट देतो. कुणाच्या लक्षात आलं नाही तर रन मोजली जाते, आणि चूक झाली होती हे पंच पोटात ठेवून घरी जातो. मग मी एक सत्य पोटात ठेवलं, तर असं काय झालं?

पण हे मौन आणि माझं खोटं एकाच जातीचं नाही. अपील होईपर्यंत पंचाने गप्प राहायचं, हे दोन्ही टीमना आधीपासून माहीत असतं. त्यात दोघींनाही सारखी संधी असते. चूक पकडणं हा त्यांच्या खेळाचा भाग आहे, तो पंचाने हिसकावून घ्यायचा नाही, म्हणून तो गप्प बसतो. आणि अपील झाल्यावर त्याला खरं सांगावंच लागतं. माझ्याकडे तर रीतसर विचारणा झाली होती. ज्या क्षणी पंचाला बोलणं भाग असतं, त्याच क्षणी मी खोटं बोललो.

दुसरा मुद्दा म्हणजे निकाल बहुधा तोच लागला असता. चेंडू कॅचरच्या ग्लव्हमध्येच होता. मी आऊट दिला नसता, तर तिने बॅटरला तिथल्या तिथे शिवलं असतं किंवा पहिल्या बेसवर चेंडू फेकला असता. हे खरं आहे. पण 'बहुधा' हा शब्द खेळाडूंच्या हक्काचा असतो. पहिल्या बेसवर फेकलेला चेंडू हातातून सुटतो, डोक्यावरून जातो, 15 वर्षांच्या मुली सातव्या इनिंगमध्ये गडबडतात. तो 'बहुधा' खेळून संपवायचा होता. मी तो मनातल्या मनात खेळून टाकला आणि निकाल माझ्या सोयीचा लावला.

तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार होता. पंचाने भर मैदानात चूक कबूल केली तर धाक राहील का? उद्या प्रत्येक कोच प्रत्येक चेंडूवर वाद घालत येईल. खेळ चालायचा तर कुणाचा तरी शब्द शेवटचा हवाच.

या मुद्द्याशी झगडताना मला एच. एल. ए. हार्ट या इंग्लिश कायदेपंडिताच्या 'द कन्सेप्ट ऑफ लॉ' या 1961 सालच्या पुस्तकाचा उपयोग झाला. न्यायाधीश म्हणेल तोच कायदा का, हा प्रश्न सोडवताना हार्ट चक्क खेळाचं उदाहरण घेतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. खेळात गुण मोजायला कुणी अधिकारी नेमला की त्याचा निकाल अंतिम होतो. पण म्हणून गुणांचा नियम 'अधिकारी म्हणेल तो गुण' असा होत नाही. नियम तोच राहतो, जो खेळाडूही वाचू शकतात. अधिकारी तो लावायचा प्रयत्न करत असतो, आणि कधी चुकतो. 'पंच चुकला' या वाक्याला अर्थ आहे तो यामुळेच. ज्या खेळात अधिकाऱ्याची मर्जी हाच नियम, तो खेळ वेगळा. कुणाला आवडला तर त्याने खुशाल खेळावा, पण तो आपला खेळ नव्हे. अधूनमधून होणाऱ्या प्रामाणिक चुका खेळ पचवतो. नियम लावायचा प्रयत्नच थांबला, की तो बदलतो.

मी वाचताना थबकलो. शेवटचा शब्द आणि अचूक शब्द या दोन गोष्टी मी एकच समजत होतो. माझा निर्णय अंतिम असतो तो मी चुकत नाही म्हणून नव्हे, कुठे तरी थांबायला हवं म्हणून. क्रिकेटमध्ये आपण डीआरएसवर 'अंपायर्स कॉल' पाहतो. चेंडू स्टंपला जेमतेम घासत असेल तर मैदानावरच्या पंचाचा निर्णय कायम राहतो. तो निर्णय हमखास बरोबर आहे असं तिथे कुणी म्हणत नाही. इतक्या बारीक फरकात आम्ही तुमच्या डोळ्यांवर सोडतो, असं म्हणतात. म्हणजे तो अधिकार उसना आहे. खेळाडूंनी दिलेला, आणि एकाच अटीवर, की पंच चेंडूकडे बघत असेल. त्या सेकंदात मी चेंडूकडे बघत नव्हतो, स्वतःकडे बघत होतो. कोचचं 'दोन आऊट आहेत' ऐकल्यावर मला पहिली काळजी वाटली ती माझी: सीनियर काय म्हणतील, पुढच्या स्पर्धेला बोलावतील का?

आपल्याकडे म्हणतात, पाचामुखी परमेश्वर. ही म्हण आपण पंचाची थोरवी सांगायला वापरतो, पण तिच्यात पाच तोंडं आहेत, हे विसरतो. पाच जण मिळून ठरवतात तेव्हा एकाचा अहंकार दुसऱ्याच्या नजरेला टोचतो, एकाची चूक दुसरा पकडतो. देव आला तर त्या खटपटीतून येतो. मैदानावर पंच म्हणजे पाच नव्हे, एकटाच असतो. मग उरलेली चार तोंडं कुठे असतात? एक बेसवरच्या पंचाचं. एक नियमपुस्तकाचं. आणि दोन त्या दोन कोचांची. वाद घालायला येणारा कोच हा अडथळा आहे असं मी धरून चाललो होतो. त्या दिवशी मैदानावर नियम शाबूत ठेवणारं एकमेव तोंड त्यांचंच होतं, आणि मी ते बंद केलं.

न्यायाधीश म्हटलं की आपल्याला रामशास्त्री प्रभुणे आठवतात, नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल खुद्द राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे. बलवानाविरुद्ध न्याय देणं ही मोठीच गोष्ट. पण लहान मैदानांवरच्या माझ्यासारख्यापुढे राघोबादादा येत नाहीत. आपल्यापुढे स्वतःची चूक येते. समोर पन्नास माणसं, डोक्यावर ऊन, आणि निर्णय स्वतःविरुद्ध द्यायचा असतो.

आणि धाकाचं काय? 2 जून 2010 रोजी डेट्रॉइटमध्ये बेसबॉलचा एक सामना झाला. अर्मांडो गॅलरागा या पिचरने सलग 26 बॅटर आऊट केले होते, एकालाही बेसवर पोचू दिलं नव्हतं. 27 वा आऊट झाला असता तर तो 'परफेक्ट गेम' ठरला असता, जो मोठमोठ्या पिचरना आयुष्यात एकदाही जमत नाही. शेवटच्या बॅटरला पहिल्या बेसवर पंच जिम जॉइसने 'सेफ' दिलं. रिप्लेमध्ये तो स्पष्ट आऊट होता. सामना संपल्यावर जॉइसने रिप्ले पाहिला, आपण चुकलो असं सगळ्यांसमोर सांगितलं आणि गॅलरागाला भेटून रडत माफी मागितली. निर्णय बदलला नाही. नोंदीत तो सामना आजही परफेक्ट नाही. दुसऱ्या दिवशी जॉइस प्लेटमागे उभा होता, आणि टीमची यादी त्याच्या हातात द्यायला गॅलरागाच आला. त्याच महिन्यात ईएसपीएनने खेळाडूंना सर्वोत्तम पंच कोण असं विचारलं, तेव्हा सर्वांत जास्त मतं जॉइसला मिळाली.

जॉइसची चूक डोळ्यांची होती. ती तेव्हाच्या नियमांत दुरुस्त करता येत नव्हती, तरी त्याने कबूल केली. माझी दुरुस्त करता येत होती, आणि नेमकी म्हणूनच मला ती कबूल करायची नव्हती. कबूल केली असती तर काही तरी करावं लागलं असतं: दोन्ही कोचना बोलवावं लागलं असतं, सीनियरशी बोलावं लागलं असतं, जिंकलो म्हणून नाचणाऱ्या पोरींना थांबवावं लागलं असतं. फक्त माफी मागायची असती, तर कदाचित मी मागितलीही असती.

ते कोच मला पुढच्या वर्षी दुसऱ्या एका स्पर्धेत भेटले. जेवणाच्या सुट्टीत ते एकटे डबा खात बसले होते. मी जाऊन सांगितलं, "सर, मागच्या वर्षी कॅच नव्हता."

"माहीत आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "बॅटिंगला होती ती पोरगी दहावीला होती. पुढे विभागीयला गेलो असतो तर तिच्या क्रीडा गुणांना उपयोग झाला असता. ती मला विचारत होती, सर, मी बरोबर पळाले ना?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, तू बरोबर पळालीस. पण पंचांना कॅच दिसला, आणि पंचांना दिसतं ते मानायचं असतं."

त्यांनी मला भाकरी पुढे केली. मी घेतली, कारण नाही म्हणणंही जमलं नाही. माझं खोटं त्यांनी त्या मुलीसमोर सांभाळून घेतलं होतं. माझ्यासाठी नाही. तिचा खेळावरचा विश्वास टिकावा म्हणून. ज्या धाकाच्या नावाने मी खोटं बोललो, तो धाक वाचवायचं काम त्या माणसाने केलं होतं ज्याच्यावर अन्याय झाला.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतलीय. कोच वाद घालायला आला की मी दोन वाक्यं वेगवेगळी बोलतो. पहिलं, मी काय पाहिलं. दुसरं, त्याला मी कुठला नियम लावला. या क्रमाने, आणि मोठ्याने. पहिल्या वाक्यावर तो काही करू शकत नाही. दुसऱ्यावर करू शकतो, आणि ते त्याला कळायलाच हवं. दोन्ही वाक्यं एकदा तोंडातून गेली की एकातून दुसऱ्यात पळून जायला मला वाट राहत नाही.

गेल्या हिवाळ्यात ती सवय महागात पडली. फेकलेला चेंडू मैदानाबाहेर गेला. अशा वेळी रनरना दोन बेस मिळतात, आणि ते मोजायचे चेंडू हातातून सुटला त्या क्षणी त्या कुठे होत्या तिथून. मी मोजले चेंडू बाहेर गेला त्या क्षणापासून, आणि एका मुलीला रन देऊन टाकली. समोरच्या कोचबाई आल्या. मी दोन वाक्यं बोललो, आणि दुसरं बोलतानाच मला ऐकू आलं की ते चुकलंय. मी म्हणालो, "मॅडम, नियम मी चुकीचा लावला. रन परत घेतो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ज्यांची रन गेली ते कोच भडकले, "एकदा दिलेला निर्णय फिरवता कसा?" पालक ओरडायला लागले. कुणी तरी पंच बदला म्हणालं. वीस मिनिटं सामना थांबला, आणि ती मुलगी, जिने काहीच चूक केली नव्हती, मान खाली घालून तिसऱ्या बेसवर परत गेली. तिच्याकडे बघणं अवघड होतं.

मी मास्क चढवला, प्लेटवरची माती ब्रशने झाडली आणि म्हणालो, "प्ले बॉल."